ग्रहण कुणाला लागतं?

(महिला मंडळं, बचत गट आणि आशा कार्यकर्त्या यांच्यासाठी तालुक्याच्या गावी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषण. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

सकाळी नाव नोंदवताना एका ताईंनी कार्यक्रमाचा कागद वाचला आणि मला म्हणाल्या, "सूर्यग्रहण कसं होतं ते शाळेत शिकवतात की! बायकांच्या शिबिरात ते कशाला?" प्रश्न रास्त आहे. आपल्या शिबिरात रेशनचा, दारूचा, मारहाणीचा, सात-बारावर बाईचं नाव लावण्याचा विषय असतो. सूर्य-चंद्राचा इथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला पुस्तकातून नाही, रुग्णालयातल्या बाकावर कळला. आधी तेवढं सांगते, मग आकाशाकडे जाऊ.

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेविकेचं काम करते. २०२२ सालच्या पावसाळ्यात एक बाई पाच महिन्यांचं मूल घेऊन आली. बरोबर तिची आई होती, नवरा नव्हता. बाळाचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. डॉक्टरांनी तपासून शस्त्रक्रियेचं सांगितलं आणि कागदपत्रांसाठी माझ्याकडे पाठवलं. मी फॉर्म भरत होते. नाव, गाव, वय, बाळाचं वजन. मी काही विचारलं नसताना ती एकदम म्हणाली, "मॅडम, देवाशपथ सांगते, ग्रहणात मी काहीच चिरलं नव्हतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. बाळंतपण माहेरी झालं. मुलगा झाला म्हणून पेढे वाटायला आलेले सासरे बाळाचं तोंड बघून पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन परत गेले. त्यानंतर तिला न्यायला कुणी आलं नाही. निरोप तेवढा आला, "ग्रहणात हिने विळी हातात घेतली असणार. कबूल करू दे, मग बघू."

शस्त्रक्रियेच्या आधी मी सासरच्यांना बोलावून घेतलं. नवरा आणि सासूबाई आल्या. मी पंचांग आणि भिंतीवरची दिनदर्शिका दोन्ही टेबलावर ठेवली. बाळ फेब्रुवारी २०२२ मध्ये जन्मलं, म्हणजे दिवस गेले मे २०२१ च्या सुमारास. त्या सालात एकूण चार ग्रहणं झाली. १० जूनचं सूर्यग्रहण कॅनडा, ग्रीनलंड, रशियाकडचं. ४ डिसेंबरचं अंटार्क्टिकावरचं. २६ मे आणि १९ नोव्हेंबरची चंद्रग्रहणं आपल्या देशाच्या पूर्वेकडच्या टोकाला कशीबशी दिसली. महाराष्ट्रातून एकही ग्रहण दिसलं नाही. न दिसणारं ग्रहण पाळायचं नसतं, हे पंचांगातच लिहिलेलं असतं. मी सासूबाईंना म्हटलं, "मावशी, ग्रहणच नव्हतं, मग दोष कसला?"

मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "असं होय? मग हिने दुसरं काहीतरी केलं असेल."

मैत्रिणींनो, ते वाक्य मी विसरू शकत नाही. म्हणून माझ्या भाषणाचा खरा विषय मी असा मांडते : ग्रहण कुणाला लागतं? सूर्याला लागतं, की बाईला?

आता आकाशाकडे. मी पिशवीतून ज्वारीचा एक दाणा आणि एक लहानसं बोर आणलंय. पुढच्या दोघीजणी हात पुढे करा. एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर असं आपण धरू. पृथ्वीचा व्यास आहे सुमारे १२,७०० किलोमीटर, म्हणजे हे बोर. चंद्राचा व्यास सुमारे ३,५०० किलोमीटर, म्हणजे हा ज्वारीचा दाणा. दोघांमधलं अंतर सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे आपल्या मापात अडतीस सेंटिमीटर, हातभराला थोडं कमी. ताई, बोर तिथेच धरा, दाणा एवढ्या अंतरावर न्या. बरोबर.

आणि सूर्य? त्याचा व्यास जवळजवळ १४ लाख किलोमीटर. आपल्या मापात दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या उंचीएवढा तापलेला गोळा. तो ठेवायचा दीडशे मीटरवर, म्हणजे या सभागृहातून निघालात की थेट एसटी स्टँडच्या फाटकाशी. कारण सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे.

एवढा मोठा गोळा आणि एवढासा दाणा. दाणा त्या गोळ्याला झाकणार कसा? एक डोळा मिटा आणि अंगठा डोळ्याजवळ आणा. अंगठ्यामागे ती अख्खी खिडकी लपते की नाही? चंद्राचं तसंच. सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट मोठा आहे आणि जवळजवळ चारशे पट दूरही आहे. म्हणून आपल्या डोळ्यांना दोघं सारख्याच आकाराचे दिसतात. असं का, तर त्यामागे कुणाची इच्छा नाही, निव्वळ योगायोग आहे. चंद्र दरवर्षी पावणेचार सेंटिमीटरने पृथ्वीपासून लांब सरकतो आहे. कोट्यवधी वर्षांनी तो इतका लहान दिसेल की सूर्य पुरता झाकला जाणारच नाही.

चंद्र पृथ्वीभोवती फिरता फिरता महिन्यातून एकदा सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या बाजूला येतो. त्या दिवसाला आपण अमावास्या म्हणतो. त्याची उजळलेली बाजू सूर्याकडे आणि काळी बाजू आपल्याकडे असते, म्हणून तो दिसत नाही. अशा वेळी तिघं नेमके एका रेषेत आले तर चंद्राची सावली पृथ्वीवर पडते. बस, यालाच सूर्यग्रहण म्हणतात. भर उन्हात रस्त्याने चालताना झाडाच्या सावलीतून जातो ना आपण, तसंच. फरक इतकाच की इथे आपण जागेवर असतो आणि सावली आपल्यावरून पुढे जाते.

ही गडद सावली फार मोठी नसते. चंद्रापासून ती निमुळती होत येते आणि पृथ्वीपर्यंत पोचताना जेमतेम टेकते. तिची रुंदी जास्तीत जास्त २७० किलोमीटरच्या आसपास. या बोरावर दाखवायची तर सुईच्या टोकाएवढी. पश्चिमेकडून पूर्वेकडे हा ठिपका पळत जातो, ताशी सतराशे किलोमीटरपेक्षाही जास्त वेगाने. ज्या पट्ट्यावरून तो जातो तिथे खग्रास ग्रहण दिसतं. तेही एका ठिकाणी फार तर साडेसात मिनिटं, बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटं. भर दिवसा संध्याकाळ होते, हवा गार पडते, पाखरं झाडावर परततात आणि काळ्या चंद्राभोवती सूर्याची पांढरी प्रभा फाकते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना विरळ सावली असते, तिथे सूर्याचा लचका तोडल्यासारखा दिसतो. ते खंडग्रास.

तिसरा प्रकार कंकणाकृती. चंद्राचं पृथ्वीपासूनचं अंतर कमी-जास्त होतं. तो लांब असला तर जरा लहान दिसतो आणि सूर्याला पुरता झाकू शकत नाही. मग काळ्या चंद्राभोवती सूर्याची कड बांगडीसारखी उरते.

मघाशी एका मुलीने हळूच विचारलं, "अमावास्या दर महिन्याला, मग ग्रहण दर महिन्याला का नाही?" फार चांगला प्रश्न. हातातल्या दोन बांगड्या काढा, एक मोठी, एक लहान. लहान बांगडी मोठीच्या आत धरा आणि थोडी कलती करा. चंद्राचा रस्ता असाच पृथ्वीच्या रस्त्याशी पाच अंशांनी कललेला आहे. पाच अंश म्हणजे किरकोळ वाटतं. पण आपल्या मापात हा दाणा बोराच्या वर किंवा खाली तीन-साडेतीन सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. बोर आहे सव्वा सेंटिमीटरचं. मग सावली बोराच्या वरून नाहीतर खालून निघून जाते. बहुतेक अमावास्यांना हेच होतं.

कललेल्या बांगडीची पातळी दुसरीला दोनच ठिकाणी छेदते. अमावास्या या दोन जागांच्या आसपास आली तरच सूर्यग्रहण. असा योग साधारण सहा-सहा महिन्यांनी येतो, म्हणून पृथ्वीवर कुठे ना कुठे वर्षाला किमान दोन सूर्यग्रहणं होतातच. या दोन जागांना आपल्या ज्योतिर्गणितात नावं आहेत. माहीत आहेत? राहू आणि केतू. राहूला तोंड नाही, दात नाहीत, पोट नाही. राहू ही एक जागा आहे. जिथे दोन रस्ते मिळतात त्याला आपण फाटा म्हणतो, तसा तो आकाशातला फाटा. फाट्यावर कुणी राक्षस बसलेला नाही.

हे सगळं साहेबाकडून आलेलं ज्ञान आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी, लिहून ठेवलं आहे : चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. आजही पंचांगकर्ते स्पर्श किती वाजता, मध्य किती वाजता, मोक्ष किती वाजता, हे मिनिटासकट छापतात. ते राहूची भूक मोजून काढत नाहीत, सूर्य-चंद्राच्या गतीचं गणित करून काढतात. मग त्याच पानावर खाली गर्भवतींनी काय करू नये याची यादी येते. गणित आर्यभटाचं आणि भीती राहूची, असा हा संसार आहे.

ती यादी तुम्हाला पाठ आहे. चिरू नये, कापू नये, शिवू नये, सुईत दोरा ओवू नये. मांडी घालू नये, पाय दुमडू नये, सरळ पडून राहावं. खाऊ नये, पिऊ नये, लघवीलाही उठू नये. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर म्हणजे बारा तास आधी लागतात. लहान मुलं, आजारी माणसं आणि गर्भवती यांना शास्त्रानेसुद्धा वेधात सूट दिली आहे. पण पुष्कळ घरांत ती सूट सासऱ्यांच्या मधुमेहाला मिळते, सुनेच्या पोटाला मिळत नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ चं सूर्यग्रहण आठवा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आलं होतं. आपल्याकडे ते दुपारी पावणेपाचच्या सुमारास लागलं आणि ग्रहणातच सूर्य मावळला. जेमतेम सव्वा तासाचा खेळ. त्या रात्री आमच्याकडे एक आठव्या महिन्याची बाई आली. चक्कर येऊन पडलेली. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, अंधाऱ्या खोलीत चटईवर सरळ झोपवून ठेवलेली. पहाटे तीन-साडेतीनला वेध लागले म्हणून घरात फराळाचे डबे बंद झाले होते. सलाइन लावलं, बाई सावरली. घरचे म्हणाले, "बघा, पाळलं म्हणून वाचली."

ग्रहणाच्या किरणांत विष असतं असं सांगतात. किरण सूर्याचेच, रोजचेच; चंद्र आड आल्यामुळे उलट कमी झालेले. अंधारात अन्नात जंतू वाढतात असंही सांगतात. अहो, रोज रात्री दहा-बारा तास अंधार असतो, तेव्हा रात्रीची भाकरी आपण सकाळी खातोच की. आणि ग्रहण सुटल्यावर घरातलं पाणी ओतून द्यायचं. ओततं कोण? आणि दोन किलोमीटरवरून पुन्हा भरून आणतं कोण? टँकरच्या गावातसुद्धा मी भरलेल्या घागरी ओतलेल्या पाहिल्या आहेत.

आणखी एक गोष्ट. 'दे दान, सुटे गिराण' ही हाक तुमच्यातल्या थोरल्यांनी ऐकली असेल. ग्रहण सुटताना धान्य, जुनी लुगडी मागायला येणारी माणसं कोण असत? गावाने शिवेबाहेर ठेवलेल्या जातींची. राहू त्यांच्यातलाच, असं सांगितलं जायचं. घरातली शिळी वस्तू आणि ग्रहणाचा दोष, दोन्ही त्यांच्या पदरात टाकायचे. विटाळ, सुतक, शिवाशीव, हेच शब्द ग्रहणाला, हेच पाळीला, हेच बाळंतिणीला आणि हेच दलितांना. एक सावली आकाशातून गेली आणि जमिनीवर ती बरोबर बाईच्या आणि दलिताच्याच अंगावर पडली! ही चंद्राची करणी नव्हे. हा आपल्या समाजाच्या रचनेतला कल आहे.

आता त्या बाळाच्या ओठाबद्दल. पोटातल्या बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो. वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत. काही बाळांत ही जुळणी अपुरी राहते. कधी ते रक्ताच्या नात्यातून आलेलं असतं, कधी आईने घेतलेल्या काही औषधांचा संबंध असतो, उदाहरणार्थ फिटवरची काही औषधं. फिट येणाऱ्या बाईने ती औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत, पण मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलायचं. तंबाखूमुळे धोका वाढतो, आणि आपल्या बायका मिश्री लावतात तीही तंबाखूचीच, हे विसरू नका. फॉलिक अॅसिड कमी पडण्याचाही संबंध सांगतात. बऱ्याचदा एकच एक कारण सापडत नाही. दर सातशे ते हजार जन्मांमागे साधारण एका बाळाला हे होतं, जगभर होतं, आणि ज्या वर्षी ग्रहण दिसत नाही त्या वर्षीही होतं.

हिशेब करून बघा. सातव्या आठवड्यात ओठ जुळून गेलेला असतो. तेव्हा कितीतरी जणींना दिवस गेल्याची नीट खात्रीही झालेली नसते. मग आठव्या महिन्यातल्या बाईच्या हातची विळी काढून घेऊन काय साधतं? तिच्यासाठी लोहाच्या गोळ्या, पोटभर जेवण आणि वेळेवर तपासणी, या गोष्टींना घरात बारा तासांची तरी शिस्त असते का?

आणि हे दुरुस्त होतं, मैत्रिणींनो! ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यापासून करतात, टाळूची त्यानंतर, नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते. आशाताईंनो, असं बाळ गावात जन्मलं तर तोंडावर पदर टाकून लपवू देऊ नका. टाळू दुभंगलेली असली तर बाळाला नीट ओढता येत नाही, दूध नाकातून येतं, वजन घटतं. म्हणून दूध कसं पाजायचं ते पहिल्याच आठवड्यात आईला शिकवून घ्या. दोषाच्या चर्चेत हे पहिले महिने वाया जातात, हे ग्रहणाचं खरं नुकसान.

मघाशी चहाच्या वेळी एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, तुझं खरं असेल. पण त्या निमित्ताने तरी पोटुशी बाई घटकाभर पडते. एरवी तिला कोण पडू देतं?" याचं उत्तर माझ्याकडे पटकन नव्हतं. मावशींचं म्हणणं खरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी देवाच्या, अंगात येण्याच्या, ग्रहणाच्या आडून थोडी विश्रांती, थोडा मान मिळवला आहे. पण मावशी, ही विश्रांती फार महाग पडते. उपाशी-तहानेली, भीतीने पोटावर हात ठेवून काढलेल्या त्या तासांना मी विश्रांती म्हणणार नाही. आणि पुढे मुलात काही उणं निघालं की त्याच तासांचा हिशेब तिला द्यावा लागतो. विश्रांती हा पोटुशी बाईचा हक्क आहे. तो राहूच्या मेहेरबानीने दोन-चार वर्षांतून एकदा कशाला घ्यायचा? रोज दुपारी घेऊ.

आता माझीही कबुली. मी एमएसडब्ल्यू झालेली. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं, आठच्या सुमारास सुरू होऊन अकराच्या आत संपणारं. मला सहावा महिना होता. आदल्या रात्री आईचा फोन आला, "तू शिकलेली आहेस, तुझं तू बघ. पण मला विचारशील तर आत बस. विषाची परीक्षा कशाला?" मी हसले. आणि सकाळी डब्याची भाजी चिरायला घेतली, सुरी हातात धरली, आणि खाली ठेवली. नवऱ्याला म्हटलं, "आज बाहेर खाऊ." कारण दुसरंच सांगितलं. मला ग्रहणाची भीती नव्हती. भीती ही होती की उद्या बाळाला काही झालंच, तर आईच्या, सासूबाईंच्या डोळ्यांत जो प्रश्न येईल त्याला मी उत्तर काय देऊ? त्या बाकावरची बाई "मी काहीच चिरलं नव्हतं" म्हणाली, तेव्हा मला माझी ती खाली ठेवलेली सुरी आठवली. तीही नियम पाळल्याची साक्ष देत होती, नियम खोटा आहे असं म्हणत नव्हती. माझ्यासारखीला जर ते म्हणवत नसेल, तर तिला एकटीला कसं म्हणवेल?

त्याच सकाळी कर्नाटकात कलबुर्गीजवळच्या गावात अपंग मुलांना बरं वाटावं म्हणून गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवल्याच्या बातम्या आल्या होत्या. आपल्याकडचं 'विषाची परीक्षा कशाला' आणि ती माती यांत अंतर आहे, पण रस्ता एकच आहे.

एक जुनी हकीकत सांगते. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या महाराष्ट्रावरून गेला होता. सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. तिकडे विदर्भात तळणी इथे इंग्लंडहून एक तुकडी आली होती, तिच्यात अ‍ॅनी माँडर नावाची बाई होती. ग्रीनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर आकडेमोड करणारी. त्याच वेधशाळेतल्या माणसाशी १८९५ मध्ये लग्न केलं आणि नियमाप्रमाणे तिची नोकरी गेली, नवऱ्याची राहिली! तिने एका कॉलेजच्या अनुदानातून आपला छोटा कॅमेरा तयार करून घेतला आणि तळणीच्या त्या दोन मिनिटांत सूर्यप्रभेचा इतका लांब किरण टिपला की तेवढा त्याआधी कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता. लंडनच्या खगोलशास्त्रज्ञांच्या रॉयल संस्थेने बायकांना सभासद करून घेतलं ते १९१६ मध्ये. म्हणजे बाईला ग्रहण तिकडेही होतंच, रूप वेगळं होतं. त्या दिवशी तळणीच्या आसपासच्या आपल्या पणज्या दारं लावून आत बसल्या असतील. डोक्यावरून गेलेली ती सावली त्यांना कुणी बघूच दिली नाही.

आपल्याला बघायची संधी येते आहे. सोमवार, २ ऑगस्ट २०२७. हे ग्रहण दक्षिण स्पेन, मोरोक्को, इजिप्तकडे खग्रास आहे, महाराष्ट्रातून दुपारनंतर खंडग्रास दिसेल. २२ जुलै २००९ ला सुरत, भोपाळ, पाटण्यावरून जे मोठं ग्रहण गेलं, त्याचीच ही पुढची खेप. अठरा वर्षं अकरा दिवसांनी ती मालिका परत फिरते. ग्रहणालाही पाळी असते म्हणा ना, आणि तीही नियमित असते, तिच्यातही विटाळ नसतो.

पण जपायचं ते डोळ्यांना. गर्भवतीने, मुलांनी, पुरुषांनी, सगळ्यांनी सारखंच. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचं नाही. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, गॉगल, शेणाच्या पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही चालत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे तो भाजला तरी त्या वेळी समजत नाही. ग्रहणासाठी बनवलेले प्रमाणित चष्मे मिळतात, ते न फाटलेले, न ओरखडलेले वापरायचे. आणि चष्मा नसला तर आपल्या घरात साधन आहे. मोठ्या भोकांची चाळण घ्या. सूर्याकडे पाठ करा आणि चाळणीतून आलेलं ऊन जमिनीवर किंवा पांढऱ्या कागदावर पडू द्या. प्रत्येक भोकातून एक एक लहानसा सूर्य उतरतो. ग्रहण लागलं की ते शंभर सूर्य एकदम कोरीसारखे होतात. झाडाखालीही पानांच्या फटींतून तेच दिसतं.

ऑगस्ट आहे, ढग असतील, कदाचित काहीच दिसणार नाही. तरी प्रत्येक गटाने त्या दुपारी अंगणवाडीच्या अंगणात जमायचं, एवढा ठराव आज करू या. गावातल्या पोटुशी बायांना सन्मानाने बोलवा. एकटीला नाही, चौघीजणींना एकदम. चहा ठेवा, पोहे करा, आणि कांदा सगळ्यांनी मिळून चिरा. एकटीने चिरला तर ती एकटीच गुन्हेगार ठरते, हे मी माझ्या सुरीवरून सांगते. सासूबाईंनाही बोलवा. त्यांना शत्रू समजू नका. त्यांनाही कधीतरी त्याच चटईवर सरळ झोपवलेलं होतं.

आणि कुणाच्या बाळात काही उणं निघालं, तर आपण आधी रुग्णालयाचा पत्ता सांगायचा. कारण कोण शोधतंय त्याला शोधू दे, आपण बाईच्या बाजूला उभं राहायचं. मुलाच्या व्यंगावरून टोमणे मारणं, अपमान करणं, घराबाहेर ठेवणं ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली हिंसाच आहे, हेही सांगायचं.

त्या बाईचं पुढे काय झालं, असं तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. बाळाची शस्त्रक्रिया झाली. टाके काढायला नवरा आला होता. त्याने बाळाला घेतलं, ओठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "चांगलं झालं." सासूबाई आल्या नाहीत. दोन महिन्यांनी ती सासरी गेली. तिथे तिला आता कोणी काही विचारत नाही असं ती म्हणते. पण तिला कुणी 'तुझी चूक नव्हती' असंही म्हटलेलं नाही. तेवढं एक वाक्य तिचं अजून येणं आहे. ते तिला आपण देऊ या.